पुसलं की आलं

बुधवार होता. सकाळी सव्वासात वाजता मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात एक पांढरी मेटॅडोर येऊन थांबली. दोन नर्स उतरल्या, मागून डॉक्टर उतरले, आणि थोड्याच वेळात अंबुजाबाई निपाणीकरांच्या घरातून एका बाईला घेऊन ती गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली. त्या बाईला कुणी धरलं नव्हतं. ती आपल्या पायांनी चालत बाहेर आली, वळून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि गाडीत चढली.

मी समोरच्या पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर उभा होतो. गिरणीवाला आत पट्टा चढवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "नेलीच का शेवटी?"

"नेली," मी म्हटलं.

हे १९८६ सालचं. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकाचा मिरजेतला वार्ताहर होतो. स्टेशनसमोर सायकलच्या दुकानावर माझी खोली होती. दिवसभराच्या बातम्या पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीत टाकायच्या, हे काम. बुधवारची ही बातमी मी पाकिटात घातली नाही.

त्या बुधवारच्या तीन आठवडे आधी शालन खाडे माझ्या खोलीवर आली होती. पस्तिशीची असेल. पाठ ताठ, पावलं बिनआवाजाची. खांद्याला कापडी पिशवी.

"ढवळे आपणच ना?"

"हो. बसा."

"बसत नाही. बाई दुपारच्या झोपेतून उठायच्या आत परत जायचंय."

"कुठल्या बाई?"

कृष्णेच्या काठावर उभं राहून नदी कुठाय असं विचारावं, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. "मिरजेत बाई एकच," ती म्हणाली.

ते खरं होतं. अंबुजाबाई कथक नाचायच्या. दिल्ली-कलकत्त्याचे लोक त्यांचा कार्यक्रम ठेवायचा म्हणून तारखा बदलून घेत. चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात भर कार्यक्रमात त्या मध्येच थांबल्या, आपल्या तबलजीवर काहीतरी आळ घेतला आणि उठून गेल्या. त्यानंतर त्यांना रंगमंचावर कुणी पाहिलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. शालन त्यांच्याकडं शिकायला म्हणून नवव्या वर्षी आली आणि तिथलीच झाली.

तिनं पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. "हे बाईंचं लिखाण."

"बाई लिहितात?"

"रोज पहाटे. फरशीवर, खडूनं. मग त्याच फरशीवर नाचतात. उजाडेपर्यंत सगळं पुसलेलं असतं. घुंगरू बांधायला त्या आत जातात, तेवढ्यात मी उतरवून घेते. दीड वर्ष झालं."

मी वरचं पान वाचलं. *डाव्या पायात कुणीतरी राहायला आलंय. उजव्याला अजून सांगितलेलं नाही.* त्याखाली: *गिरणी थांबली की भिंती माझ्याकडं बघतात. गिरणी चालू असताना त्यांना काम असतं.*

"हे छापायला देताय?"

"छापायचं ते तुम्ही बघा. मला आधी औषध हवंय. सांगलीचे मनाचे डॉक्टर कस्तुरे येऊन गेले. म्हणाले, बाई माझ्याशी तुमच्यापेक्षा शहाण्यासारख्या बोलतात, कशाच्या जोरावर घेऊन जाऊ? मी ही फाइल दाखवली. म्हणाले, हे अक्षर तर तुमच्या हातचं. बाईंना लिहिताना तिसऱ्या माणसानं बघायला हवं."

"तो तिसरा मी."

"पेपरवाल्याचं ऐकतील." तिनं पिशवीचे बंद घट्ट धरले होते. "त्या जेवत नाहीत, ढवळे. माझ्या हातचं सुद्धा आधी मला खायला लावतात. पाऊस-पाण्याला टिकणार नाहीत अशानं. दवाखान्यात नेलं तर वाचतील."

पाकीट एसटीत टाकून आलो आणि मी फाइल वाचायला घेतली. एका बैठकीत संपवली. एवढं चांगलं मराठी मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. *आरशाला मी पाठ दाखवली. त्यानं नाही दाखवली.* किंवा हे: *दस्तगीर समेच्या आधीची एक मात्रा खिशात घालून घरी नेतो. त्याच्या घरात आता माझ्या पुष्कळ मात्रा साठल्या असतील. विकत मात्र नाही, हे सांगायला हवं.*

दुसऱ्यांदा वाचताना मात्र खटकलं. बाईंचा संशय दूधवाल्यावर होता, तबलजी दस्तगीरवर होता, गिरणीवर, आरशावर, वारलेल्या गुरुजींवर सुद्धा होता. शालनवर नव्हता. शालनचं नावच कुठं नव्हतं. जी बाई घास आधी शालनला खायला लावते, तिच्या लिखाणात शालन नाही.

ट्रंक कॉल लावून मी आमच्या वृत्तसंपादकांना, भोसेकरांना सांगितलं.

"लिहिताना कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

"शालन म्हणते..."

"ती म्हणते ही बातमी नव्हे. ढवळे, घरात माणसं दोन. एक दुसऱ्याबद्दलचा कागद घेऊन येतं. अशा वेळी कागद नंतर वाचावा. आणणाऱ्याचे हात आधी बघावेत."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी बाईंच्या घरी गेलो. दार शालननं उघडलं. "कोण हवंय?" तिनं विचारलं, ते इतकं सहज की आपण हिला खरंच भेटलो होतो ना, असं मला वाटून गेलं.

"पेपरमधून आलोय. बाईंची मुलाखत मिळेल का?"

आतून आवाज आला, "मुलाखत? अलीकडं मेलेल्यांच्याही घेता काय?"

पुढं मोठी रिकामी खोली. खाली शहाबादी फरशी, पायांनी घासून काळी तुकतुकीत झालेली. भिंतीशी उंच आरसा, तोंड भिंतीकडं करून ठेवलेला. बाई बुटक्या स्टुलावर बसून तळपायांना तेल चोळत होत्या. अंगानं एवढ्याशा, केस पांढरे, डोळे मात्र माणसाला नीट बसू न देणारे.

"पाय पुढं केलेत म्हणून रागावू नका हं. आल्यागेल्याला तोंड दाखवावं, पण माझ्याकडं दाखवण्यासारखं एवढंच."

शालननं कॉफी आणली. बाईंनी आपला कप काही न बोलता तिच्यापुढं धरला. तिनं घोट घेतला, कप परत दिला. देवापुढची घंटा वाजवावी, तितक्या सवयीनं.

"तुमचाही देऊ तिला?" बाईंनी मला विचारलं आणि स्वतःच हसल्या.

शालन आत गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही लिहिता असं ऐकलं."

त्यांचा हात थांबला. नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली.

"मी? आमच्यात लिहीत नाहीत. आमच्या गुरुजींनी आयुष्यात मला कागद दिला नाही. तोडा शिकवायचा म्हणजे त्याचे बोल फरशीवर खडूनं लिहायचे आणि म्हणायचे, नाच त्याच्यावर. पाय फिरून फिरून अक्षर गेलं, की म्हणायचे, पुसलं की आलं. दिसतंय तोवर समजायचं, पाय कच्चे आहेत. शालनला मी तसंच शिकवलं."

"मग आता फरशीवर कोण लिहितं?"

"तेच मला बघायचंय." दुधात कुठलं मांजर तोंड घालतंय ते बघायचंय, अशा सुरात त्या बोलल्या. "उठून बघते तर लिहिलेलं असतं. ते आधी पुसावं लागतं. नाचूनच. फडक्यानं जात नाही."

"जात नाही?"

"फरशीवरचं जातं हो."

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझं." मी काही विचारायच्या आत त्या पुढं म्हणाल्या, "शालनचंही तेच. आली तेव्हा पाटी नव्हती तिच्याकडं. याच फरशीवर माझ्या अक्षरावरून गिरवलंय तिनं. पोस्टातले सुद्धा फसतात."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला न्यायचं चाललंय ना कुठं?"

मी कप खाली ठेवला.

"नेऊ देत. पण तुम्ही पेपरवाले, म्हणून सांगून ठेवते. या फरशीवरून मला उचललं, की पुढं जी बाई चालेल ती मी नसणार. तिचे फोटो माझ्या नावानं छापू नका."

बाहेर पडताना शालन दाराशी आली. ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली, "सोमवारी पहाटे पाचला मागच्या दारानं या. कडी काढून ठेवते."

दस्तगीर सतारमेकर गल्लीतच आपल्या भावाच्या दुकानात बसायचा. तबल्याची वादी ओढत होता. बाईंचं नाव काढताच त्यानं हातोडी खाली ठेवली.

"साहेब, अख्खी जवानी वाजवलं तिच्यासाठी. कोल्हापुरात भर थेटरात म्हणाली, दस्तगीर, खिसा उलटा कर. मी केला बी. तंबाखूची पुडी निघाली. तर म्हणली, ही न्हाई, माझी मात्रा काढ." तो हसला. मग एकदम हसायचा थांबला. "लोक बी हसले."

"म्हणजे बाईंना बरं नाही, हे खरं."

"बरं न्हाईच. पण एक सवाल आहे आपला. बोलायच्या आधी ती शालनच्या तोंडाकडं बघत हुती. शालन बाजूला बसून तोड्याचं बोल म्हणत हुती."

"शालननं सांगितलं म्हणता?"

"मी कुठं म्हणतो? बघत हुती, एवढं म्हणतो." त्यानं वादीला पीळ दिला. "आन् शालनचं म्हणाल, तर पोरीला मुंबईस्नं बोलावणं आलतं एकदा. मोठं काम. बाईला म्हणली, जाऊ का? बाई गप. ही बी गप. गेलीच न्हाई. आमच्यात असंच असतंय. गुरूनं जा म्हटल्याबिगर उठायचं न्हाई, आन् जा म्हटल्यावर बसायचं न्हाई."

"राग असेल तिच्या मनात."

"असंल की. माझ्या बी हाय." त्यानं हातोडी उचलली. "त्या घरात जाताना कान उघडं ठेवा साहेब. डोळं काय, कुनाचं बी फसत्यात."

सोमवारी पाचला बोलावलं होतं, म्हणून मी रविवारी पाचला गेलो. ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. ज्या दिवशी तुमची वाट बघतात, त्या दिवशी सगळं ठरल्यासारखं दिसतं.

मागच्या दाराची कडी रविवारीही काढलेली होती.

स्वयंपाकघर अंधारात होतं. पलीकडं मोठ्या खोलीत एकच दिवा. शालन गुडघ्यांवर बसून फरशीवर लिहीत होती. रांगोळी घालावी तशी मागं मागं सरकत. डावीकडं बाईंच्या खोलीचं दार लावलेलं. आतून एकदा खोकला ऐकू आला.

शालन अर्धी ओळ लिहायची आणि थांबायची. मान एका बाजूला कलती करायची. थोडा वेळ तशीच राहायची. मग मान हलवून पुढं लिहायची. कुणी मजकूर सांगत असताना आमचे टायपिस्ट असेच बसतात. फक्त इथं सांगणारं कुणी नव्हतं. गिरणी बंद होती. रस्त्यावर माणूस नव्हतं. खडूचा आवाज मला येत होता, म्हणजे दुसरा कुठलाही आला असता.

मी उंबऱ्याशी आलो. "कुणाचं लिहिताय?"

ती दचकली नाही. "बाईंचं."

"त्या तर बोलत नाहीत."

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

ती मागं सरकत माझ्या जवळ येऊन पोचली होती. शेवटची ओळ माझ्या पायाशीच होती. मी वाकून वाचली. *उद्या येतो म्हणाला तो आजच येईल. त्याला कॉफी द्या.*

मी मागं वळून पाहिलं. ओट्यावर तीन कप मांडून ठेवलेले होते.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. बाई घुंगरू बांधूनच बाहेर आल्या. केस नीट बांधलेले, पदर खोचलेला. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "आलात? मी म्हटलंच होतं."

कुणाला म्हटलं होतं, ते मी विचारणार होतो. पण त्यांनी फरशीला हात लावून नमस्कार केला आणि सुरुवात केली.

नाचातलं मला कळत नाही, म्हणून पाहिलं तेवढंच सांगतो. त्या आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि पहिल्या ओळीवरून निघाल्या. एकेका शब्दावर पाय पडत होता. चुकून शेजारच्या शब्दावर पडत नव्हता. वाचत वाचत पुसावं, तसं. शालन भिंतीशी बसून टाळीवर लय धरत होती. खडूची पूड त्यांच्या घोट्यांपर्यंत चढली. माझी ओळ शेवटी आली. तिच्यावर त्या उभ्या गिरक्या घेत राहिल्या, आणि थांबल्या तेव्हा फरशी स्वच्छ होती. दम लागलेला नव्हता. एकसष्ट वर्षांची बाई.

"कॉफी घ्या," त्या म्हणाल्या. "गार होईल."

मी घेतली नाही.

डॉक्टर कस्तुरे नेमका माणूस होता. "काय वाटलं ते नको. पाहिलंत काय, ते लिहून द्या."

मी लिहून दिलं. बाईंना लिहिताना पाहिलं नाही. शालन खाडे यांना लिहिताना पाहिलं. बाईंच्या खोलीचं दार लावलेलं होतं, आतून खोकला ऐकला.

"बाई झोपल्या होत्या?"

"माहीत नाही. दार लावलेलं होतं."

"आतून सांगत होत्या?"

"मला ऐकू आलं नाही."

"कान?"

"चांगले आहेत."

बाईंचं 'मी म्हटलंच होतं' हेही मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ती बोलण्याची रीत झाली. माझी बायकोही म्हणते." मग थोडा विचार करून म्हणाले, "एका घरात दोघीच राहतात तेव्हा एकीचा आजार दुसरीलाही लागतो, ढवळे. वेगळ्या केल्या, की जिचा उसना असतो तिचा उतरतो."

"मूळचा कुणाचा ते कसं कळणार?"

"एकीला आणल्यावर. उतरला तर दुसरीचा."

"मग आणायचं कुणाला?"

"बाईंना. वय आहे, खात नाहीत. बुधवारी जातो. तुम्ही आत येऊ नका, समोर थांबा."

म्हणून बुधवारी मी गिरणीच्या कट्ट्यावर होतो. बोळ अरुंद, गिरणी अजून सुरू व्हायची होती, त्यामुळं बोलणं सगळं ऐकू येत होतं. दारात शालन बॅग भरून उभी. बाईंची लुगडी, तेलाची बाटली, औषधं. तिच्या मागं बाई, हात घडी घालून.

"बाई, थोडे दिवस आमच्याकडं चला," डॉक्टर म्हणाले.

"मी कशाला?"

"हे लिखाण..."

"मी लिहीत नाही. त्यांना विचारा." त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावरून थेट माझ्याकडं बोट केलं. "ढवळे, मला लिहिताना पाहिलंत तुम्ही?"

नर्स वळल्या. डॉक्टर वळले. शालन माझ्याकडं बघत होती. तिनं काही खूण केली नाही.

"नाही," मी म्हटलं.

"कुणाला पाहिलंत?"

मी शालनकडं बघितलं. मग सांगितलं.

बाईंनी मान हलवली. "मग हिला न्या. हिला बरं नाही." आणि पाहुण्याला पाणी आण म्हणावं, तशा आवाजात, "जा, शालन."

शालननं डॉक्टरांना एक शब्द विचारला नाही. वाकून बाईंच्या पायांना हात लावला. बाईंच्या लुगड्यांनी भरलेली ती बॅग उचलली आणि पायऱ्या उतरली. उंबऱ्याला हात लावला तो तिनं. डॉक्टर क्षणभर जागीच उभे होते. मग आपलंच बोलणं आठवल्यासारखे तिच्या मागून गाडीत चढले.

"नेलीच का शेवटी?" गिरणीवाल्यानं विचारलं ते तेव्हा. दार लागलं होतं. पट्टा चढला. गिरणी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या दारानं गेलो. कडी काढलेली होती. मोठ्या खोलीत दिवा होता आणि फरशी कोरी होती. बाई घुंगरू बांधून तिच्या कडेला उभ्या होत्या.

"लिही गं," त्या स्वयंपाकघराकडं बघून म्हणाल्या. मग मी दिसलो. त्यांनी कोनाड्यातला खडू काढून माझ्यापुढं धरला. "बसा ढवळे. मी सांगते."

मी गुडघ्यांवर बसलो. बाई कडेला उभ्या. तोंड मिटलेलं. मी वाट बघितली. मजकूर घेण्यात माझं आयुष्य गेलं. सांगणाऱ्याला घाई करू नये, हे मला माहीत होतं. खडू फरशीवर टेकवून मी थांबलो. बराच वेळ गेला असावा. माझी मान एका बाजूला कलली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी उठलो.

"म्हणजे तुम्हालाही नाही," बाई म्हणाल्या. खाली बसून त्यांनी घुंगरू सोडले.

त्या दिवसानंतर त्या नाचल्या नाहीत. पहाटे उठून घुंगरू बांधायच्या, कोऱ्या फरशीच्या कडेला बसायच्या, उजाडलं की सोडायच्या. दस्तगीर डबा घेऊन जायला लागला. पहिला घास त्याला खायला लावायच्या. तो खायचा, आणि खिसा उलटा करून दाखवूनच बाहेर पडायचा. बाईंनी सांगितलेलं नसताना.

दवाखान्यात शालनपुढं डॉक्टरांनी वही ठेवली, पाटी ठेवली, खडू ठेवला. तिनं एक अक्षर लिहिलं नाही. जेवायची, झोपायची, नर्सना मदत करायची. चार महिन्यांनी त्यांनी तिला सोडलं. "उसना होता. उतरला," मला म्हणाले. मी विचारलं, "की सांगणारं इथं कुणी नव्हतं?" ते म्हणाले, "तुम्ही पाहिलेलंच लिहीत जा, ढवळे."

ती बॅग घेऊन थेट मिरजेला आली. दार वाजवलं. बाईंनी आतूनच विचारलं, कोण?

"मी, बाई. शालन."

"शालन दवाखान्यात आहे," आतून उत्तर आलं. "तू कोण?"

हे गिरणीवाल्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या कट्ट्यावर बसून होती. मग इचलकरंजीला मावशीकडं गेली. आता डॉक्टरांना बाईंना न्यायचं होतं, पण त्या आपणहून जाईनात. मनाविरुद्ध न्यायचं तर अर्ज नात्यातल्या माणसानं करायचा असतो, आणि बाईंच्या निपाणीच्या पुतण्यानं सही दिली नाही. म्हणाला, चारचौघांत अब्रू जाईल. तिसऱ्या हिवाळ्यात बाई गेल्या. पहाटे डबा घेऊन आलेल्या दस्तगीरला त्या भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या. पायांत घुंगरू होते. त्यांच्यावरची दोन कॉलमांची बातमी मी लिहिली. फरशीवरच्या लिखाणाचा उल्लेख केला नाही. बातमीला दोन तोंडं लागतात, ते एकाच तोंडचं होतं.

फाइल माझ्याकडंच राहिली होती. पुढच्या वर्षी शालन ती मागायला आली. देण्याआधी मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं आकडा घातला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी सही केली. परत देताना काय दिलं याची नोंद असावी, एवढ्यासाठी.

गेल्या महिन्यात इचलकरंजीला एका लग्नाला गेलो होतो. शालनचा क्लास तिथंच आहे, असं कळलं म्हणून चौकशी करत गेलो. खाली यंत्रमाग, वर तिची खोली. ती सत्तरीच्या पुढं गेलीय. गुडघे गेलेत, खुर्चीत बसून शिकवते. पाच-सहा मुली नाचत होत्या. जमिनीवर खडूनं लिहिलेलं होतं. निम्मं पुसलं गेलं होतं, उरलेलं वाचता आलं: *उजव्याला अजून सांगितलेलं नाही.*

"हे बाईंचं," मी म्हटलं.

"हो की. सणवार सोडून रोज थोडं थोडं. दर वर्षी पहिल्यापासून. छापलं असतंत तर रद्दीत गेलं असतं, ढवळे. आता पोरींच्या पायात जातंय." तिनं एका मुलीला टाळीनं थांबवलं. "निशा, 'सांगितलेलं'वर अजून पांढरं दिसतंय. परत."

"पण फाइल तेवढीशी होती. वर्ष सरायच्या आतच संपत असेल."

"कुठली संपतेय! अजून तुमचं यायचंय."

"माझं?"

"पुढं येतं ना. तुमचं पुष्कळ आहे." ती हसली. बाई हसायच्या तशीच वाटली, पण ते मी वाटलं म्हणून सांगतोय.

त्या फाइलीत माझं नाव कुठंही नव्हतं. मी शांतपणे म्हटलं, "फाइल एकदा बघायला मिळेल?"

खालचे माग चालू होते. शालननं मान किंचित कलती केली. बराच वेळ ती तशीच बसून राहिली.

"बाईंना विचारून कळवते," ती म्हणाली आणि माझा नंबर लिहून घेतला.

अजून फोन आलेला नाही.